अर्धा गुण वजा

फोन चांगला आहे.
हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं कुणी
आकस म्हणून वाचणार नाही.

पडदा लख्ख. आवाज स्वच्छ.
हातात धरला की नदीतल्या गोट्यासारखा बसतो,
आणि टेबलावर ठेवला
की डुगडुगतो.
पाठीवर कॅमेऱ्यांचं आवाळू आलंय त्याच्या.
दीड हजार युरो मोजून घेतलेल्या वस्तूनं
स्वयंपाकघरात गप सरळ पडून राहावं,
ही अपेक्षा जास्त आहे का?
लिहिते: डुगडुगतो.

औलूत उणे चोवीस होतं तेव्हा
हातमोजा काढून बंदरावर उभी राहिले होते,
एका हातात हा, दुसऱ्या हातात घड्याळ.
एकेचाळीस टक्के. एकेचाळीस टक्के. एकेचाळीस.
मग काळा.
माणसं अशी जातात, मला माहीत आहे,
पण बॅटरीनं आधी सांगायला हवं.

सतरा वर्षं मी कारखान्यात बटणं दाबली.
खरोखरची बटणं. दिवसाला नऊशे फोन,
आणि अंगठ्याला कळायचं
कुठल्या पाचच्या आकड्याखाली रबर अर्ध्या केसानं जाड आहे.
फोरमन आर्वो म्हणायचा,
"राइया, तू लग्नातसुद्धा नवऱ्याच्या बुटाची शिवण बघशील."
बघितली होती. उसवलेली होती.
बूट टिकले नाहीत. लग्नही.
कारखान्याच्या जागी आता तरुण मुलं
दोर बांधून खोट्या भिंती चढतात.
माझा अंगठा तेवढा निवृत्त झाला नाही.

लोक विचारतात, एवढ्या चांगल्या फोनला नावं का ठेवतेस?
वाईटाला ठेवून काय मिळणार?
तो बिचारा आपलं नाव घेऊनच जन्माला येतो.
मिठाचा खडा शोधायचा
तर आधी दूध हवं.

कंपनीचा माणूस बोलतो. हेनिंग, स्टॉकहोमहून, आवाज लोण्यासारखा.
"साडेआठ? बाकी सगळ्यांनी नऊ दिले."
मी डुगडुगणं सांगते. तो म्हणतो, कव्हर लावा.
मी थंडी सांगते. तो म्हणतो, आतल्या खिशात ठेवा.
"आणि कॅमेऱ्यावर तुम्ही एकच ओळ लिहिलीय,
ती आमच्याकडे कुणालाच कळली नाही."

माझा भाऊ वेइक्को फोटोत कायम डोळे मिटायचा.
शाळेच्या फोटोत, सैन्याच्या ओळखपत्रावर;
पासपोर्टवाल्या बाईनं अकरा वेळा बघितलं
आणि बाराव्याला कपाळावर हात मारला.
अल्बम उघडावा, रांगेत बोट फिरवावं,
डोळे मिटलेला तो आमचा.

मार्चमध्ये हा फोन घेऊन
गोठलेल्या खाडीवर त्याच्या भोकापाशी गेले.
उपड्या बादलीवर बसला होता,
गळाची दोरी बोटाला गुंडाळून,
टोपीची एक कानपट्टी वर, एक खाली.
एकच फोटो काढला.
एप्रिलच्या नऊ तारखेला तो गेला,
काही न सांगता.

मग फोटो उघडला.
बर्फ निळं पडलेलं नाही, पांढरंच आहे.
बादलीशेजारच्या माशाचे खवले मोजता येतात.
आणि वेइक्को
टक्क उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघतोय.
आधीच्या नाहीतर नंतरच्या कुठल्या क्षणातून
फोननं दोन डोळे उचलले
आणि बसवून दिले.
सुरेख बसवलेत. शिवण दिसत नाही.
मी शोधली.
सेटिंगच्या तळाशी एक खटका आहे म्हणे,
तो बंद करता येतो.

"वैशिष्ट्य आहे ते," हेनिंग म्हणतो. "ग्राहकांना फार आवडतं."
आवडत असेल.
फोन चांगला आहे, मी म्हणते,
तीन वर्षांत हातात आलेला सगळ्यात चांगला.
साडेआठ.
ओळ बदलणार नाही:
'कॅमेरा डोळे मिटू देत नाही.'

सोमवारी कुरिअर येईल.
परत करण्याआधी आतलं सगळं पुसायचं, असा नियम आहे.
अजून पुसलेलं नाही.
कॉफीचा कप ठेवताना टेबलाला धक्का लागतो,
आणि तो थोडा वेळ
डुगडुगत राहतो.